तिबोटीची तारीख

कर्जतच्या उल्हास पक्षिमित्र मंडळाचं वार्षिक वेळापत्रक दर जानेवारीत छापून येतं. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. मंडळाच्या चाळीसेक सभासदांपैकी तीस जणांच्या घरी तो फ्रिजवर लावलेला असतो. उरलेले दहा जण तो हरवतात आणि वर्षभर एकमेकांना फोन करून विचारत बसतात. जानेवारीत मोरबे धरणावर बदकांची गणना, फेब्रुवारीत वाचनालयाच्या सभागृहात व्याख्यान, मार्चमध्ये फुललेल्या पळसाखाली चहा, मेमध्ये पोशीरला जगदीश पाटलाच्या वाडीत आमरस आणि घरट्यांवर गप्पा. ऑक्टोबरात शिकारी पक्ष्यांवर व्याख्यान, ज्याचे वक्ते दरवर्षी पुण्याहून येतात आणि दरवर्षी उशिरा येतात. डिसेंबरात फोटोंची संध्याकाळ. तिथे प्रत्येकानं फक्त दहा फोटो दाखवायचे असा नियम आहे आणि तो आजवर एकानंही पाळलेला नाही. पण वार, तारीख, वेळ, जागा, डबा आणायचा की तिथे जेवण आहे, हे सगळं प्रत्येक चौकटीत अगदी चोख लिहिलेलं असतं.

फक्त जूनच्या चौकटीत तारीख नसते. तिथे लिहिलेलं असतं: 'तिबोटीची संध्याकाळ. कोंडाणे, ओढ्यावर. तारीख भिवाजीकाका कळवतील.'

तिबोटी म्हणजे तिबोटी खंड्या. चिमणीएवढा जीव, पिवळं-नारिंगी पोट, निळी-जांभळी पाठ, लाल चोच, आणि पायाला तीनच बोटं, म्हणून हे नाव. पावसाळा लागला की तो इकडे येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ कोरून पिल्लं काढतो आणि पाऊस सरला की निघून जातो. रंग इतके भडक, तरी झाडीत असा दडतो की दिसायला नशीब लागतं. तो आला हे कळतं आवाजावरून. आवाज तरी कसला, एक बारीक, ताणलेली शीळ, ओढ्याच्या खळखळाटात अर्धी बुडालेली. नवख्या माणसाला ती शीळ दाखवून दिली तरी ऐकू येत नाही.

मंडळ नवं होतं तेव्हा जूनचीही तारीख छापली होती. मंडळी डबे घेऊन ओढ्यावर गेली, दोन तास डासांची सोय करून परत आली, आणि पक्षी आला त्यानंतर आठवड्यानं. पुढच्या वर्षी तारीख पुढे ढकलली, तर पक्षी आधीच येऊन बिळात शिरलेला. तेव्हा जगदीश वैतागून म्हणाला होता, "तारीख छापताच कशाला? भिवाला ऐकू येईल तवा जाऊ. तो सांगंल ती तारीख." हसण्यावारी निघालेली गोष्ट, पण ती टिकली. एकवीस वर्षं मंडळानं जूनची चौकट भिवाजी साळव्याच्या कानांवर सोडली होती, आणि त्या कानांनी एकदाही दगा दिला नव्हता.

भिवाजी पोस्टमन होता. तेहतीस वर्षं त्यानं कोंडाण्याच्या बाजूचं टपाल वाटलं, आधी पायी, मग सायकलवर, शेवटची काही वर्षं स्वतःच्या स्कूटीवर. एकट्यानं रान तुडवणारा माणूस एक तर स्वतःशी बोलायला लागतो, नाहीतर ऐकायला लागतो. भिवाजी मुळातच अबोल, म्हणून तो ऐकत गेला. पुस्तकातली नावं त्याला फार उशिरा कळली. त्याआधी त्याच्याकडे आवाजच होते, हा आंब्याखालचा, हा ओढ्यावरचा, हा कुणी मेल्यासारखा ओरडणारा. सुंदरा, त्याची बायको, म्हणायची, "पाखरांचं येवढं ऐकता, माझं कवा ऐकणार?" सुंदराला जाऊन चार वर्षं झाली. मुलगा प्रवीण बंगळुरूला, दर रविवारी फोन करतो, आणि पाच मिनिटांनी दोघांचंही बोलणं संपतं.

दहिवलीतल्या आपल्या दोन खोल्यांत भिवाजी वेळापत्रकाच्या आधारानं राहत होता, असं म्हटलं तर त्यात काही अतिशयोक्ती नाही. व्याख्यान असेल त्या शनिवारी तो सकाळीच दाढी करायचा. गणनेच्या आदल्या दिवशी दुर्बिणीची काच दोनदा पुसायचा. अडचण होती ती मधल्या दिवसांची. दोन कार्यक्रमांच्या मधे जे वीस-पंचवीस दिवस पडतात ते कसे काढायचे, हे कुठल्याही चौकटीत लिहिलेलं नसतं.

त्या सगळ्यात जून त्याचा. जून लागला की त्याचा फोन वाजायला लागायचा. "काका, आला का?" "काका, माथेरानला ऐकला म्हणतात, आपल्याकडे कसा नाही?" "काका, शनिवारी पाहुणे येणार आहेत, रविवारचं जमवता का?" जसं काही पक्षी भिवाजीच्या खिशातच बसलेला आहे. तो वैताग दाखवायचा आणि मनातून सुखावायचा. फोटो काढायचा कॅमेरा त्याच्याकडे नव्हता, व्याख्यान द्यायला उभं राहिलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. मंडळात त्याच्या नावाची अशी एकच जागा होती, जूनची ती बिनतारखेची चौकट.

आणि भिवाजीला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते.

हे त्याला दोन वर्षांपूर्वी कळलं, तेही तापात. काखेत थर्मामीटर धरून तो बसला, किती तरी वेळ बसला, ते यंत्र काही वाजेना. शेजारच्या मुलीनं आत येऊन सांगितलं, "आजोबा, ते केव्हाचं वाजतंय." मग तो पनवेलला जाऊन कान तपासून आला. माणसांचं बोलणं त्याला स्वच्छ ऐकू यायचं. भिंतीपलीकडच्या टीव्हीवरची मालिका तर नको असताना ऐकू यायची. गेला होता तो फक्त वरचा, बारीक भाग. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं असं, यंत्र लावता येईल, पण इतक्या बारीक आवाजाला त्याचा फारसा उपयोग नाही. "आणि तुम्हाला तरी त्या आवाजांचं काय काम?" असंही ते म्हणाले. भिवाजीनं त्यांचे आभार मानले आणि तो बाहेर आला.

कुणाला सांगितलं नाही. गेल्या वर्षी नशिबानं हात दिला. ओढ्यावर बसल्याच्या सातव्या दिवशी तिबोटी त्याच्या पुढ्यातून सरळ रेषेत गेला, चोचीत पाल धरलेली. भिवाजीनं मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कळवलं, 'आज ऐकला.' खरं तर दिसला होता. एका शब्दाचा तर फरक, असं त्यानं स्वतःला समजावलं.

यंदा तो एक जूनपासूनच बसला. सकाळी पाचला उठायचं, थर्मासमध्ये चहा भरायचा, स्कूटीवरून कोंडाण्याला जायचं, गाडी गावात लावून वीस मिनिटं चालायचं आणि ओढ्याकाठच्या सपाट दगडावर सहा ते आठ बसायचं. पाऊस आला तर छत्री उघडायची आणि पुन्हा बसायचं. पाण्याचा आवाज यायचा. कोतवालाचा यायचा, भारद्वाजाचा घुमणारा आवाज तर पोटात जाणवायचा. पण ज्या आवाजासाठी तो आला होता तो येत नव्हता, आणि तो पक्ष्याकडून येत नाही की आपल्याकडून, हे कळायला काही मार्ग नव्हता. तो डोळे ताणून समोरची दरड बघत राहायचा. पान हललं की दुर्बीण उचलायचा. आठ वाजले की थर्मास रिकामा करून उठायचा.

दहा दिवस गेले, पंधरा गेले. भिवाजीनं कारणं शोधायला सुरुवात केली. ओढ्याला पाणी कमी आहे. वरच्या अंगाला कुणीतरी झाडं तोडली आहेत. गेल्या वर्षी फोटोवाल्यांनी बिळासमोर गर्दी केली होती, त्याचा राग धरला असेल. अठरा तारखेला त्यानं गटावर लिहिलं, 'अजून आलेला नाही. यंदा उशीर दिसतो.' खाली सहा-सात अंगठे उमटले. सचिव दीप्ती वैद्यनं लिहिलं, 'काही घाई नाही काका. तुम्ही सांगाल तेव्हा.'

त्याचा फोन मात्र वाजला नाही. सबंध जून एकानंही विचारलं नाही, "काका, आला का?" भिवाजी रोज संध्याकाळी फोन हातात घेऊन तो चालू आहे ना ते बघायचा. एकदा तर त्यानं शेजाऱ्यांच्या फोनवरून स्वतःला फोन लावून घेतला. वाजला. त्याला वाटलं, लोकांना आता या संध्याकाळचं काही वाटत नसेल. चाळीस माणसांच्या मंडळात एका पक्ष्यासाठी महिनाभर वाट बघत बसलेलं माणूस आता आपण एकटेच उरलो, हे त्याच्या मनानं घेतलं, आणि त्या रात्री तो भाकरी न थापताच दूध पिऊन झोपला.

पंचवीस तारखेला, बुधवारी, तो ओढ्यावर बसलेला असताना वाटेनं गौराबाई आली. गौराबाई कोंडाण्याचीच, सत्तरीची, ओढ्याला लागून तिचा गोठा. तिचा मुलगा पूर्वी गुजरातेत कामाला होता, आणि त्याची पत्रं भिवाजीनं बारा वर्षं तिच्या ओट्यावर बसून वाचून दाखवली होती.

"काय रं भाऊ, रोज हितं येऊन बसतोस," ती म्हणाली. "कुनाची वाट बघतोस?"

"एका पाखराची, बाई. बारका खंड्या असतो. लाल चोचीचा."

"तो ना रं? बारीक शीळ घालतो तो?" गौराबाई हसली. "तो कवाचा आलाय. वटपुनवेच्या आदीपासनं माझ्या गोठ्यामागं वरडतोय. सकाळ-संध्याकाळ कानाला भोक पाडतो नुसतं. आता बी वरडतोय की! ऐक."

तिनं बोट वर केलं आणि मान तिरकी करून उभी राहिली. भिवाजीनंही मान तिरकी केली. पाणी वाहत होतं. लांब कुणाच्या तरी बैलाची घंटा वाजली. गौराबाईचं बोट दर थोड्या वेळानं हवेत हलकंसं हलत होतं, प्रत्येक शिळेला एकदा.

"आला ना ऐकू?"

"हो," भिवाजी म्हणाला.

"मग जा आता घरी. भिजून आजारी पडशील," असं म्हणून गौराबाई आपल्या शेताकडे गेली.

भिवाजी उठला नाही. पंधरा दिवसांहून जास्त तो या दगडावर बसला होता आणि पक्षी त्याच्या आसपास ओरडत होता. त्याला स्वतःची लाज वाटली, मग भीती वाटली, आणि मग सुंदराची इतकी आठवण आली की त्यानं थर्मासचं झाकण उगाचच दोनदा फिरवून पक्कं केलं. ही गोष्ट सांगता येईल असं जगात एकच माणूस होतं.

घरी येऊन त्यानं गटावर लिहायला घेतलं. 'मला ऐकू येत नाही' एवढं लिहिलं आणि पुसलं. 'गौराबाईंनी ऐकला' असं लिहिलं आणि तेही पुसलं. शेवटी लिहिलं, 'आज सकाळी ६.४० ला ऐकला. शनिवारी जमू या.' एका मिनिटात वीस उत्तरं आली. फुलं, टाळ्या, नाचणारी बाहुली. दीप्तीनं लगेच कुणी काय आणायचं त्याची यादी टाकली, आणि ती यादी इतकी पूर्ण होती, की ती आधीच तयार असावी अशी शंका एखाद्याला आली असती. भिवाजीला आली नाही. तो नुसता ती फुलं बघत राहिला.

शनिवारी पाच वाजता कोंडाण्यात तेरा माणसं जमली. जगदीशनं पोशीरहून टेंपोत जेवणाची पातेली आणली होती, सोबत बायको गोदा. या संध्याकाळी गोदा शेवळांची भाजी करायची, सुकट घालून, तिच्यासारखी शेवळं तालुक्यात कुणाला जमत नाहीत. पण शेवळं रानात उगवतात ती जूनच्या सुरुवातीला, चार दिवस. "यंदा शेवळं नायत हां कुनाला," तिनं टेंपोतून उतरताच जाहीर केलं. "जून झाली समदी. टाकळ्याची भाजी केलीया, गप खायाची." मग तिचं लक्ष भिवाजीकडे गेलं आणि ती घाईघाईनं म्हणाली, "टाकळा बी चांगला लागतो, भावोजी." भिवाजीला हे थोडं विचित्र वाटलं. गोदा एरवी कुणाची समजूत काढणाऱ्यातली नव्हती.

सगळे ओढ्याकडे निघाले. नेहमी या वाटेवर एवढी बडबड चालायची की पाखरं सोडाच, गुरंसुद्धा बाजूला व्हायची. आज सगळे शांत. खालापूरजवळ औषधाच्या कारखान्यात काम करणारी श्रद्धा सर्वांत पुढे होती. पंचविशीची, मंडळात तीन वर्षं झालेली, कानाची इतकी तयार की भिवाजीला ती फार आवडायची. ती आज एकदाही मागे वळून बघत नव्हती.

ओढ्यावरची पद्धत ठरलेली आहे. बीळ जवळ असतं म्हणून बोलायचं नाही. सगळ्यांनी काठानं ओळीत उभं राहायचं आणि ज्याला शीळ ऐकू येईल त्यानं मुकाट हात वर करायचा. आधी भिवाजीचा हात वर जातो. तो गेल्यावर बाकीचे नेटानं कान देतात, मग एकेक करून हात वर होतात, नवख्यांचे सगळ्यात शेवटी. सगळे हात वर झाले की मंडळाच्या वहीत वर्षाचा तिबोटी नोंदला जातो आणि जेवायला बसतात. एकवीस वर्षांत पहिला हात दुसऱ्या कुणाचा वर झालेला नाही. गेल्या वर्षीही भिवाजीनं तो पहिला वर केला होता, नुसत्या अंदाजानं.

तेरा माणसं ओळीत उभी राहिली. भिवाजी मधोमध. बेत त्यानं आधीच करून ठेवला होता: पाच मिनिटं थांबायचं, कान दिल्यासारखं करायचं, आणि हात वर करायचा. पक्षी आहे हे तर खरंच होतं. बाकीच्यांना ऐकू येईलच, त्यात खोटं ते काय?

तो पाण्याकडे बघत उभा राहिला. एक मिनिट गेलं. त्यानं हळूच डावीकडे पाहिलं. दीप्ती जमिनीकडे बघत होती. तिच्या पलीकडे जगदीश, ओठ आवळून. उजवीकडे श्रद्धा. श्रद्धाचे डोळे समोरच्या दरडीवरच्या एका वेलीवर गेले, परत आले. पुन्हा तिथेच गेले, परत आले. थोड्या थोड्या वेळानं, एका लयीत. गौराबाईचं बोट असंच हललं होतं.

पक्षी ओरडत होता. आत्ता, इथे, सगळ्यांसमोर ओरडत होता. भिवाजीनं ओळीवरून नजर फिरवली. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच, ऐकू येत असल्याचं. नवख्या माणसांच्यासुद्धा. आणि एकाचाही हात वर होत नव्हता. बारा माणसं, बारा हात मुद्दाम खाली धरलेले, त्याच्या हाताची वाट बघत.

मग बाकीचंही त्याला एकदम समजलं. न वाजलेला फोन. आधीच तयार असलेली यादी. जून झालेल्या शेवळांवर गोदानं घाईघाईनं काढलेली समजूत. यांना सगळ्यांना माहीत होतं. पक्षी कधी आला तेही, आणि त्याला ऐकू येत नाही तेही.

अजूनही हात वर करता आला असता. तो कमरेपर्यंत उचललाही गेला. वर केला असता तर सगळ्यांनी केले असते, वहीत नोंद झाली असती, टाकळ्याची भाजी वाढली असती आणि पुढच्या जानेवारीत चौकटीत पुन्हा त्याचंच नाव छापलं असतं. पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा या दगडावर बसला असता, आणि ही सगळी चांगली माणसं पुन्हा आपापले हात खाली धरून उभी राहिली असती.

"मला ऐकू येत नाही," भिवाजी म्हणाला. ओढ्यावर न बोलण्याचा नियम एकवीस वर्षांत प्रथमच मोडला, तोही त्याच्याकडून. "दोन वर्षं झाली. बुधवारी मी ऐकला म्हणालो ते खोटं होतं. ज्याला ऐकू येतोय त्यानं हात वर करा."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"करा की!"

आधी श्रद्धाचा हात वर झाला. तिचे डोळे भरले होते. मग दीप्तीचा. मग गोदाचा, जिला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही. जगदीशचा सगळ्यात शेवटी. भिवाजी मधोमध उभा राहून ते बारा हात बघत होता. आपण आंघोळ करत असताना कुणी अवचित दार उघडावं तसं त्याला वाटत होतं.

"कधी आला?" त्यानं विचारलं.

"तीन जूनला," श्रद्धा म्हणाली. "मी कामावरून येताना सहज आले होते, काका. मला वाटलं तुम्ही सांगालच एक-दोन दिवसांत. म्हणून मी... तुमच्याआधी कसं सांगायचं?"

"मग?"

"मग सगळ्यांनीच ऐकला," दीप्ती म्हणाली. "आम्ही दुपारी यायचो. तुम्ही सकाळी असता ना, म्हणून दुपारी. तुमची भेट व्हायला नको. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

जगदीश पुढे सरकला. तो म्हणाला, "मी सकाळी बी आलतो, भिवा. नऊ तारखेला. तू हितं दगडावर बसलेला, छत्री घेऊन. तो तुझ्या डोक्यावरच्या फांदीवर बसून वरडत व्हता. तू दरडीकडं बघत व्हतास." त्यानं नाक पुसलं. "मी मागं फिरलो."

"हाक का नाही मारलीस?"

"कशी मारू रं? हाक मारून काय सांगू?"

भिवाजीला राग आला. असा राग त्याला कित्येक वर्षांत आला नव्हता. "पंचवीस दिवस," तो म्हणाला. "पंचवीस दिवस मी इथे एकटा बसलो. मला वाटलं कुणाला काही पडलेलं नाही. आणि तुम्ही दुपारी येऊन ऐकत होतात! अरे, शेजारी येऊन बसला असतात तरी चाललं असतं. नसतं बोलायचं काही. नुसतं बसायचं!" त्याचा आवाज फाटला. दरडीवरचा पक्षी उडाला असावा, कारण सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या आणि मग पुन्हा त्याच्याकडे आल्या.

शेवटी दीप्तीनं पिशवीतून वही काढली, कारण वही तरी भरायलाच हवी होती. पेन उघडून ती थांबली. तारीख कुठली आणि नाव कुणाचं, हे विचारायचं तिला धाडस होईना.

"तीन जून," भिवाजी म्हणाला. "श्रद्धा. लिही."

"काका, आपण आजची..."

"ज्या दिवशी आला त्या दिवशी आला. नोंद खोटी करायची नाही. लिही, आणि पुढच्या वर्षीच्या कागदावरही तिचंच नाव टाक."

दीप्तीनं लिहिलं.

जेवायला सगळे गौराबाईच्या गोठ्यासमोरच्या पडवीत बसले, आणि तिथे एक नवीच गंमत सुरू झाली. वाढताना दीप्ती भिवाजीच्या कानाशी वाकून ओरडली, "काका, भाकरी हवी?" "अगं, बोलणं येतं मला ऐकू," तो म्हणाला. "फक्त बारीक आवाज येत नाहीत." तिनं समजल्यासारखी मान हलवली आणि तेवढ्याच जोरात विचारलं, "भात घालू?" श्रद्धा एकेक शब्द तोडून, ओठ मोठे करून बोलायला लागली. गोदानं तर हातवारेच सुरू केले, टाकळ्याच्या पातेल्याकडे बोट, मग त्याच्या ताटाकडे बोट. तासाभरापूर्वी हीच माणसं त्याच्याशी नेहमीच्या आवाजात बोलत होती आणि त्याला सगळं कळत होतं. भिवाजीनं तीनदा समजावलं, चौथ्यांदा सोडून दिलं. टाकळा बरा झाला होता.

परतताना जगदीशनं त्याची स्कूटी टेंपोत चढवली आणि त्याला शेजारी बसवून घरापर्यंत सोडलं. दहिवलीत आठ वाजले होते, घराघरांत टीव्ही चालू होते. स्कूटी उतरवून झाल्यावर जगदीशनं त्याचा हात धरला आणि ओरडून सांगितलं, "भिवा! दाराला कडी लाव हां नीट!"

शेजारची खिडकी उघडली.

"हळू बोल रे," भिवाजी म्हणाला. "येतं मला ऐकू."

"हां, हां," जगदीश हळू म्हणाला. टेंपोत जाऊन बसला, गाडी चालू केली, आणि पुन्हा खिडकीतून अर्धा बाहेर येऊन सगळ्या आळीला जाग येईल अशा आवाजात ओरडला, "भिवा! पोटभर जेवलास ना रं?"

सुंदरा गेल्यापासून या दारात त्याचं नाव इतक्या मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. भिवाजीनं पायरीवरून तितक्याच जोरात ओरडून सांगितलं, "जेवलो!"

टेंपो गेला. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. आत येऊन त्यानं धुतलेला थर्मास ओट्यावर पालथा घातला. उद्या पाचला उठायचं नव्हतं. वेळापत्रकातलं पुढचं व्याख्यान जुलैच्या तिसऱ्या शनिवारी होतं, आणि तोवरचे तीन आठवडे कसे काढायचे ते त्याला ठाऊक नव्हतं.